किती एकर मनी प्लांट?

रामाकोन्यात झाड आजारी पडलं की त्याची तब्येत कोणी विचारत नाही; थेट पंपाला किती मिली, ते सांगतात. सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा संत्र्याचा. पोरांना पाढ्यांआधी आंबिया आणि मृग बहार पाठ होतात. 2023 साली छिंदवाडा जिल्हा सुटून आम्ही पांढुर्णा जिल्ह्यात आलो. जिल्हा बदलला, फवारा तोच राहिला.

अशा गावात मी बैठकीत मनी प्लांट ठेवला. त्याची पानं चिकट झाली, वर काजळी चढली आणि वैद्य जमले.

"कोळशी होय हे," भाऊजी म्हणाले. संत्र्यावर काळी माशी रस शोषते, गोड चिकटा टाकते आणि त्यावर काळी बुरशी वाढते, ती कोळशी. बुरशी बरोबर ओळखली; पण माशी बाग सोडून आमच्या सोफ्यावर कशाला येईल?

"डिंक्या असन. बोर्डो लाव," मामा म्हणाले. डिंक्या म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळण्याचा रोग आणि बोर्डो त्यावरचं औषध: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मलम करून खोडाला फासायचं. मनी प्लांटला खोड कुठलं, ही शंका त्यांना किरकोळ वाटली.

दवाईच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "किती एकर?"

"एक कुंडी."

कीड मलाच लागली असावी, अशा नजरेनं दुकानदारानं मला न्याहाळलं.

शेवटी काकूनं पान उलटलं. देठाच्या बेचक्यात पांढरे पुंजके. "माय वं, घरात कपाशी फुटली!" तो होता पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. आम्हाला बागेला रखवालदार मिळत नाही. ढेकणाला बिनपगारी पलटण! काजळी ओल्या फडक्यानं निघाली. ढेकणावर स्पिरिटचा बोळा फिरवला, कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवली आणि अंड्यांतून नवी पिल्लं निघतात म्हणून दर आठवड्याला तेच केलं. कपाशीवर उतारा कापसाचाच निघाला.

घरातल्या झाडांवर पाहुणे आणखीही येतात. उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली, तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावरचे ठिपके चालू लागले की समजावं, लाल कोळी. याला आठ पाय. हा कीटकच नाही, म्हणून पुष्कळशा कीटकनाशकांना भीक घालत नाही. पानं खालून पाण्यानं धुतली की मात्र त्याचा संसार मोडतो. कुंडीतून बारीक चिलटं उडाली, तर दोष बहुधा रोज प्रेमानं पाणी घालणाऱ्या हाताचा. वरची माती वाळू द्यावी.

तेव्हा वाचकहो, दवाई विचारण्याआधी पान उलटा आणि मातीत बोट घालून ओल बघा. संत्र्याची फवारणी संत्र्यालाच राहू द्या. बैठकीत श्वास झाडाबरोबर तुम्हालाही घ्यायचा असतो.