मांडवातली पापणी

वसमतच्या सिस्टरकाकूंना निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण गल्लीचा दवाखाना अजून त्यांच्या कुंपणालाच भरतो.

"काकू, काल मांडवात नवरीच्या मावशीचं तोंड बघितलं का? एक डोळा उघडा अन् एक अर्धा मिटलेला!"

"बघितलं की. कपाळावरच्या आठ्या घालवायला बोटॉक्स घेतलं म्हणे. ते औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरलं की पापणी पडते."

"अगं माय! आता जन्मभर तशीच?"

"छे! तीन-चार महिन्यांत औषधाचा जोरच ओसरतो, पापणी बहुतेक त्याच्याआधीच वर येते. पण ऐन लग्नाच्या तोंडावर असले उद्योग कामून करावेत?"

"आमच्या सासूबाईंची काही न घेताच पडली. पोथी वाचताना बोटानं पापणी वर धरतात. म्हणतात, वय झालं."

"वयानं पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पट्टा ढिला पडतो, तो आवळून शिवता येतो. कातडी लोंबत असली तर जादाची कापतात. अन् भुवईच उतरली असली तर भुवई उचलावी लागते, नुसती पापणी कापून भागत नाही. जागा बधिर करून करतात, अन् मधीच डोळे उघडायला लावतात, दोन्हीकडं सारखं जमलं का बघायला. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात दाखवून तर ये."

"अन् कोपऱ्यावरच्या घरातलं लेकरू? त्याची आजी म्हणते, मोठं झालं की उघडेल डोळा."

"त्या आजीला माझ्याकडं धाड! पापणीनं बाहुली झाकली तर त्या डोळ्याला नजरच येत नाही. मग मोठेपणी पापणी उचलून काय उपयोग? अंगणवाडीत लेकरं तपासायला आरबीएसकेचं सरकारी पथक येतं, त्यांना दाखवा म्हणावं. सिलिकॉनच्या दोरीनं पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. भुवई वर केली की डोळा उघडतो."

"यांचं येगळंच. सकाळी झ्याक, अन् सांजच्याला मोंढ्यातून आले की डावी पापणी खाली. मला वाटलं, घेऊन आले!"

"नसेल घेतली बिचाऱ्यानं. दिवसभरात वाढतं अन् निजून उठलं की बरं, म्हणजे स्नायू थकवणारा मायस्थेनिया असू शकतो. त्याला गोळ्या असतात. डॉक्टर मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ धरतात. पापणी वर आली की संशय बळावतो. पण एकाएकी पडली, डोकं ठणकलं, एकाचे दोन दिसले, तर त्याच घडीला गाडी काढायची. अन् हे बघ, मिरगाचा पाऊस झालाय, खाली कुणी निजू नका. मण्यार चावलेली बऱ्याचदा कळतबी नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, मग दोन्ही पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, झोप झाली नाही. औंढ्याच्या नागनाथाला हात जोडायचे ते दवाखान्याच्या वाटेवरूनच. तिथं सापाच्या विषावरचं इंजेक्शन लागतं, अन् श्वास अडला तर मशीन."

"काकू, भेव घालू नका. यांची पापणी पहिल्यापासूनच तशी असली तर?"

"लग्नातला फोटो बघ. डॉक्टरबी जुना फोटो मागतात."

"लग्नात बाशिंगामागं तोंड कुठं दिसतंय?"

"मग आधार कार्डावरचा बघ."

"त्याच्यात तर अख्ख्या गल्लीच्या पापण्या पडल्यात!"