कोल्डरूमकर

ऐन एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना स्वेटर घालून फिरणारा संशोधक दिसला, तर तो कोल्डरूमकर समजावा. याचं खरं बिऱ्हाड ४ अंशांच्या खोलीत. हॉस्टेलवर येतो तो अंघोळीपुरता.

कोंबडीच्या प्रतिकारशक्तीतलं एक प्रोटीन हा त्याचा विषय. आईनं गावभर ‘मुलगा कोंबड्यांचा डॉक्टर झाला’ सांगून ठेवलंय, त्यामुळे सुट्टीत शेजारणी खुडूक कोंबड्या काखेत मारून दारात हजर. आणि याला तर कोंबडी धरताही येत नाही! त्याचं प्रोटीन मुळी कोंबडीतून येतच नाही. जीन मागवायचा आणि इ. कोलाय जिवाणूत घालायचा. जिवाणू प्रोटीन भरपूर करतात, पण त्याचे निरुपयोगी गोळे करून ठेवतात. ते ८ मोलर युरियात विरघळवायचे, मग आर्जिनिनच्या थंडगार बफरमध्ये थेंबथेंब सोडायचे. सोबतीला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि दहा-अकरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड. तिघांनी मिळून नीट घडी घालून घ्यायची. तोवर कोल्डरूमकर कुजबुजत बोलतो. प्रोटीन म्हणजे मानपानाचा जावई. जरा ऊब लागली की रुसून तळाशी.

जेल फिल्ट्रेशनमध्ये मोठे रेणू आधी बाहेर पडतात. पहिला उंच पीक बघून नवखे टाळ्या पिटतात, हा सुतकी चेहऱ्यानं ‘ॲग्रिगेट’, म्हणजे नुसता गोळा, म्हणतो. खरा माल मागच्या बुटक्या पीकमध्ये. त्यातून एखाद-दोन मिलिग्रॅम हाती लागलं, की लॅबला पेढे.

‘याचा उपयोग काय?’ असं चुकूनही विचारू नये. बी-२१ हॅप्लोटाइपच्या (म्हणजे त्या जनुकसंचाच्या) कोंबड्या मारेकच्या रोगाला दाद देत नाहीत, बी-१९ च्या पटापट मरतात. बी-२१ च्या प्रोटीनची रचना २००७ साली छापून आली. पेप्टाइड बसायची खोबण ऐसपैस, नाना तऱ्हेची मावतात! हे सगळं तो मेसमध्ये रस्सा निवेपर्यंत सांगतो आणि तंगडी उचलताना म्हणतो, “हिचा हॅप्लोटाइप कोणता असेल रे?”

शेवटी स्फटिक. सूक्ष्मदर्शकाखाली काही लखलखलं की सगळी लॅब गोळा. हा सुईनं टोचून बघतो. भुगा झाला तर प्रोटीन, कट्‌कन वाजलं तर मीठ. बहुतेकदा मीठच.

प्रोटीन निघालंच, तर स्वारी द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनकडे निघते. गाडीत त्याच्या शेजारची जागा मिळालीच, तर डब्यात काय आहे ते विचारू नका. इंदूर येईपर्यंत सांगेल.