मोडलेल्या नात्यांचं इंग्रजी : नवशिक्यांसाठी

सुरतेतल्या मराठी घराला भाषांची टंचाई नाही. घरात अहिराणी, रिंग रोडच्या कापड मार्केटात गुजराती, लूमच्या खात्यात हिंदी. इंग्रजी लागते ती मुलांच्या शाळेसाठी आणि मोडलेल्या संसारांसाठी. पहिलीचे क्लास उधन्यापासून लिंबायतपर्यंत गल्लोगल्ली आहेत. दुसरीची सोय कोणी केलेली नाही, म्हणून ही मार्गदर्शिका.

सुरुवात नवरा-बायकोपासून. मुख्य नियम असा की वाक्यात कर्ता येता कामा नये. 'त्याने तिला घराबाहेर काढलं' म्हटलं की समोरचा विचारणारच : कधी, का, आणि दागिने कोणाकडे? त्याऐवजी 'दे आर सेपरेटेड' म्हणावं. मग कोणीच काही केलेलं नसतं; पावसाळ्यात भिंतीला ओल येते तसं ते आपोआप झालेलं असतं. पुढे विचारलंच तर 'इश्यूज होते', आणि फारच खोदून विचारलं तर 'कम्पॅटिबिलिटी'. हा शब्द ऐकून नंदुरबारची आत्या गप्प होते, कारण तिला तो आजार वाटतो. वाटू द्यावा.

प्रात्यक्षिक म्हणून डिंडोलीतला लग्नाचा मांडव घेऊ. पंगतीत वरण-बट्टी वाढताहेत आणि शेजारचे काका विचारतात, "सूनबाई नाही दिसल्या?"

"शी इज विथ हर पॅरेंट्स."

"किती दिवस?"

"फॉर नाऊ."

इथे थांबायचं आणि तुपाच्या भांड्याकडे वळायचं. 'फॉर नाऊ' तीन-तीन वर्षं टिकतं, असा अनुभव आहे.

'म्युच्युअल' मात्र जपून वापरावं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खालच्या, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या, अर्जाआधी दोघं किमान वर्षभर वेगळी राहिलेली असावी लागतात आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. काकांपुढे हा हिशेब जुळत नसेल तर सरळ 'इट्स इन प्रोसेस' म्हणून मोकळं व्हावं.

नातेवाइकांचं सोपं आहे. गावच्या शेताच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद असेल तर 'वुई आर नॉट इन टच'. भाऊ समोरच्याच सोसायटीत राहतो हे सांगायची गरज नाही. मित्र दुरावला तर 'ही इज बिझी', आणि उसने पैसे घेऊन दुरावला तर 'व्हेरी बिझी'.

आता वरच्या इयत्तेचा धडा. डॉ. रखमाबाई राऊत 1895 च्या सुमारास सुरतेत आल्या आणि इथल्या बायकांच्या इस्पितळात त्यांनी पुढची दोन दशकं काढली. त्याआधीची गोष्ट मुंबईची. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 मध्ये हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये 'अ हिंदू लेडी' या सहीने रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली. बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांनी बायकांचं काय होतं, ते स्वच्छ इंग्रजीत मांडलं. 'इश्यूज' नाहीत, 'फॉर नाऊ' नाही. न्या. पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलात चक्र उलटं फिरलं, आणि 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम काढला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन पण नांदायला नाही, हे त्यांचं उत्तर. अखेर 1888 मध्ये दादाजीने 2,000 रुपये घेऊन दावा मिटवला, आणि रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. कर्ता-कर्म जागच्या जागी ठेवणारं असं इंग्रजी नवशिक्यांनी लग्नाच्या पंगतीत करून पाहू नये. बट्टी घशात अडकेल, आपली नाही तर काकांची.

दादाजीच्या दाव्याचं नावही पाठ करून ठेवावं : 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्ज्युगल राइट्स'. यात कोण कोणाला कुठे ओढत नेतंय याचा पत्ता लागत नाही, म्हणून आमच्या पद्धतीने याला पैकीच्या पैकी गुण. हा दावा मूळचा इंग्लंडचा. तिथे 1970 च्या कायद्याने तो मोडीत निघाला. आपल्याकडे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 9 व्या कलमात तो आजही आहे. कायदा मे महिन्यात लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी 25 सप्टेंबरला वारल्या.