एखादा तरी बदमाश हवा

इंग्लंडात कुठल्याही काउंटीच्या दफ्तरखान्यात जा, हा गृहस्थ भेटणारच. नुकताच निवृत्त झालेला, दोरीचा चष्मा गळ्यात, हातात पेन्सिल. पेनला तिथे मज्जाव. शाईचा एक थेंब पडला तर चारशे वर्षांच्या नोंदीचं मातेरं. समोर फोमच्या उशीवर चर्चची नोंदवही रेललेली.

सुरुवातीला त्याला पूर्वजांत एखादा सरदार हवा असतो. आडनाव कुणा लॉर्डाशी जुळतं, एवढ्या भांडवलावर तो दिवाणखान्यात ढालतलवारीचं कुलचिन्ह टांगून मोकळा होतो. मग वही उघडते. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं. पाद्र्यांनी लिहिलं, पण ओळभर. पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर, आणि सगळे जॉन. जॉनचा जॉन, त्याचा जॉन.

त्यात कालगणनेचा घोळ. १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे एप्रिल १७०० मध्ये बाप्तिस्मा झालेलं पोर फेब्रुवारी १७०० मध्ये पुरलेलं सापडतं. नवखा किंचाळतो, ‘जन्माआधीच गेलं!’ मुरलेला गालात हसतो आणि शांतपणे ‘१७००/०१’ लिहितो.

मुरता मुरता त्याला कळून चुकतं, की सज्जन माणूस मागे कागद ठेवत नाही. लग्नाविना मूल झालं की त्याच्या पोटाचा भार पॅरिशवर पडे, म्हणून गावचे कारभारी बापाला हुडकून त्याच्याकडून जामीनखत लिहून घेत. त्यात नाव, गाव, धंदा, जामीनदार, सगळं! असा खापरपणजोबा हाती लागला की हा पेढे वाटल्यासारखी बातमी वाटत फिरतो.

मृत्युपत्रांवर तर त्याचा भारी जीव. १८५८ च्या सुरुवातीपर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत. शेक्सपिअरने बायकोला दोन नंबरचा पलंग ठेवला, याचं याला काही नाही. याच्या पूर्वजाने थोरल्या मुलाला एक शिलिंग ठेवला, त्यात त्याला केवढं भांडण ऐकू येतं! खरं तर वाटा आधीच दिलेला असला तरी नावापुरता शिलिंग लिहीत. पण हे त्याला सांगायची माझी छाती नाही.

आपले कुलवृत्तान्त कसे असतात, हे मात्र मी सांगितलं. मूळपुरुष विद्वान नाहीतर पराक्रमी, पुढचे सगळे निर्व्यसनी आणि परोपकारी. कर्ज बुडवणारा औषधालाही नाही. त्याने मनापासून हळहळत विचारलं, ‘‘मग तुम्ही वाचता काय?’’

सध्या तो एका मेंढीचोराच्या मागावर आहे. चोराला ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं होतं. जहाज सापडलंय, शिक्षा सापडलीय. तो आपल्याच जॉनांपैकी एक, एवढंच सिद्ध व्हायचंय. पलीकडच्या टेबलावरच्या बाईही त्याच चोरावर हक्क सांगतात. दोघांचं बोलणं बंद आहे.