नाववाली की गाववाली?

एप्रिल महिना. इकडे हापूसच्या पेटीचा भाव ऐकून आपल्याला घाम फुटतो. तिकडे न्यू जर्सीत, एडिसनच्या गारठ्यात, आमच्या मावसभावाला घाम फुटलाय. लेकीला दोन युनिव्हर्सिट्यांनी प्रवेश दिलाय. १ मेपर्यंत एकीला होकार कळवायचा.

१ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. आपण झेंडा लावतो, ते डिपॉझिट लावतात.

पोरीला डॉक्टर व्हायचंय. एक युनिव्हर्सिटी नाववाली: खासगी, जुनी, विटांवर वेल चढलेली, वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या घरात. दुसरी गाववाली: राज्य सरकारची, घरापासून अर्ध्या तासावर, राहणं-जेवण धरून ४० हजारांच्या आसपास. मावसभावाने मला एक्सेल पाठवलं. पंधरा रकाने! रँकिंग, वसतिगृह, विमानतळ किती लांब, डाळ-भात मिळतो का. शेवटचा रकाना, 'मुलीचं मत'. वेटेज पाच टक्के.

डाळ-भाताला दहा होते.

'प्रीमेड कुठलं चांगलं, एवढंच सांग रे,' तो म्हणाला. आता याला कसं सांगायचं, की प्रीमेड नावाची पदवीच नसते?

अमेरिकेत आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग एमकॅटची परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी. बारावीनंतर थेट हमी देणारे बीएस-एमडी कोर्स आहेत, पण मूठभर. प्रीमेड म्हणजे पहिल्या चार वर्षांत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरावीक कोर्स उरकणं. बाकी इतिहास शिका नाहीतर संगीत. साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांचं मेडिकलला लागण्याचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नाही. हे मी मावसभावाला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

इतिहासात पदवी घेऊन डॉक्टर? मग वधू-वर सूचक मंडळात काय लिहायचं?

'आधी पदवी, मग मेडिकल' हा आग्रह जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये धरला. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं तपासून बहुतेकांची अब्रू काढली आणि हॉपकिन्सचा कित्ता सगळ्यांपुढे ठेवला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते.

शाळामास्तर होते. म्हणून तर एवढं तपासलं!

त्याआधीची गोष्ट एडिसनकरांच्या अंगणातलीच आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या आणि पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंकडे उतरल्या, ते रोझेल गाव एडिसनपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. अठराव्या वर्षी थेट फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश, १८८६ मध्ये एम.डी. मधली चार वर्षं नाहीत, एमकॅट नाही. समुद्र ओलांडण्याआधी सनातन्यांची मुक्ताफळं ऐकली, तेच त्यांचं प्रीमेड.

असो. नाववालीच्या बाजूने मावसभावाचा पहिला मुद्दा रँकिंग. २०२२ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने दाखवून दिलं, की रँकिंगसाठी दिलेल्या आकड्यांत गडबड आहे. दुसऱ्या क्रमांकावरची कोलंबिया थेट अठरावी. इमारती त्याच, मास्तर तेच, कँटीनही तेच.

सोळा पायऱ्या घसरूनही कुणाला खरचटलं नाही. मग आधी चढली होती ती कशावर?

दुसरा मुद्दा: 'त्यांचे नव्वद टक्के प्रीमेड मेडिकलला लागतात म्हणे.' 'म्हणे' महत्त्वाचं. देशभराचा हिशेब असा: दर वर्षी पन्नास हजारांवर अर्ज, तेवीस हजारांच्या आसपास प्रवेश. निम्म्याहून जास्त घरी. मग एखाद्या कॉलेजात नव्वद टक्के येतात कुठून? सोपं आहे. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत आपटलेले आपणहून गळतात. उरलेल्यांत जे कच्चे, त्यांना काही ठिकाणी कॉलेजची समिती शिफारसपत्रच देत नाही. अर्ज करतात ते फक्त पक्के.

आपल्याकडेही शंभर टक्के निकालाच्या शाळा असतात. कच्च्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात.

चाळणीचं नाव ऑरगॅनिक केमिस्ट्री. पोरं लाडाने 'ऑरगो' म्हणतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये मेटलंड जोन्स यांच्या वर्गातल्या सुमारे ३५० पैकी ८२ मुलांनी गुणांबद्दल तक्रार अर्ज दिला. जोन्स म्हणजे या विषयाचं गाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिणारे. युनिव्हर्सिटीने त्यांचा करार संपवला.

रेणू मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले.

आणि नाववालीत गुण नेहमीच सैल मिळाले, या भ्रमात कुणी राहू नये. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ठरवलं होतं, की 'ए' श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपुरतीच. दहा वर्षांनी तो नियम मागे घेतला. मधल्या काळात तिथे 'बी' घेऊन बसलेल्या पोराने मेडिकलच्या अर्जात काय लिहायचं? 'बी आहे, पण विटांवर वेल होता'?

मेडिकलला लागणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास, एमकॅट ५२८ पैकी ५११-१२. ही परीक्षा साडेसात तास चालते. त्या साडेसात तासांत कॉलेजची कमान कामाला येत नाही, पाण्याची बाटली येते.

गुणांखेरीज सेवाही लागते. सेवेचे तास मोजतात. इस्पितळात इतके, डॉक्टरमागे सावलीसारखं फिरणं इतके, गरिबांना जेवण वाढणं इतके. करुणा आणि तिचं टाइमशीट.

गाडगेबाबांनी तास लिहून ठेवले नाहीत. वेटिंग लिस्टवर राहिले असते.

आता पैशाकडे येऊ. मराठी माणूस पैशाचं शेवटी काढतो, पण मनात पहिल्यापासून तेच असतं. दोन युनिव्हर्सिट्यांतला फरक वर्षाला ५० हजार डॉलर, चार वर्षांचे २ लाख. आणि हे सगळं कशासाठी? वाटेतल्या पहिल्या स्टेशनासाठी. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी सरकारी कर्ज हवं तितकं मिळायचं, तो काळ संपला. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, बस्स.

आकडे ओळखीचे वाटतात? जेवढं सरकार मेडिकलसाठी उसनं देणार, तेवढं मावसभाऊ वेलीवर उधळणार होता.

'पण हॉपकिन्समध्ये मेडिकल फुकट झालंय ना?' झालंय. उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२४ मध्ये १०० कोटी डॉलर दिले. घरचं उत्पन्न ३ लाख डॉलरच्या आत असलेल्या बहुतेकांना फी माफ. आमच्या मावसभावाकडे नवरा-बायको दोघं आयटीत, उत्पन्न रेषेच्या किंचित वर.

मराठी माणूस क्रीमी लेअरला इथेही अडकतो, तिथेही.

एक साधा प्रश्न. तुमच्या डॉक्टरची फी तुम्हाला माहीत आहे. पार्किंग कुठे मिळतं, माहीत आहे. कंपाउंडर नंबर कसा पुढे-मागे करतो, तेही. एमबीबीएस कुठून केलं? बहुतेकांना सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरने तर त्याच्याही आधीची पदवी कुठून घेतली, हे छातीत कळ आल्यावर कोण विचारतं?

विचारतं एकच ठिकाण. मंडळाचा गणपती, आरतीनंतरची प्रसादाची रांग. 'मग, लेक कुठे?' या तीन शब्दांच्या उत्तरासाठी २ लाख डॉलर. शब्दाला ६६ हजार पडले.

खरी गोम कॅम्पस पाहायला गेले तेव्हाच कळली होती. नाववालीत पोरगी प्रयोगशाळा बघत होती, आई स्वच्छतागृहं बघत होती. मावसभाऊ दुकानात होता. गडद निळी हूडी, छातीवर युनिव्हर्सिटीचं नाव, खाली ठळक अक्षरांत 'डॅड'. किंमत ६५ डॉलर. प्रवेश नक्की व्हायच्या आधीच घेतली.

शेवटी गाववाली ठरली. कुणामुळे? माझ्यामुळे नाही. पोरीने बापाच्या एक्सेलमध्ये सोळावा रकाना टाकला, 'उरलेले पैसे', आणि बेरीज करून फाइल परत पाठवली.

परवा व्हिडिओ कॉलवर मावसभाऊ ओक ट्री रोडवर भाजी घेताना दिसला. अंगात तीच निळी हूडी.

'अरे, ही परत नाही केलीस?'

'टॅग काढला होता रे.' आणि आवाज खाली आणून, 'दुकानात तिघांनी विचारलं, लेक तिथे का? मी नुसतं हसलो.'

नाव ६५ डॉलरमध्ये पडलं. बाकीचे बँकेत.