बक्षिसेच्छूंसाठी पथ्यापथ्य

ऑनलाइन स्पर्धेत भाग घेणाऱ्या इसमास यापुढे 'बक्षिसेच्छू' असे संबोधले जाईल. बक्षिसेच्छूंच्या तीन जाती आहेत. पहिला उत्तर ठाऊक आहे म्हणून भाग घेतो. ही जात नामशेष होत आली, कारण तसे प्रश्नच उरले नाहीत. आता विचारतात, 'महाराष्ट्राची राजधानी कोणती? (अ) मुंबई (ब) लंडन (क) टोमॅटो.' दुसऱ्याला बक्षीस हवे असते. तिसऱ्याला रिकामा फॉर्म दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडत नाही. आमचे डोंबिवलीचे मामा या तिसऱ्या जातीचे असून प्रस्तुत शास्त्र मुख्यत्वे त्यांच्यासाठी रचले आहे. ते वाचणार नाहीत. वाचनावर बक्षीस नाही.

मूळ तत्त्व असे, की आयोजकाला उत्तर नकोच असते. 'टोमॅटो'वर टिचकी मारून पाहा. बहुतेकदा तरीही 'अभिनंदन, आपण ड्रॉसाठी पात्र आहात!' असेच येईल. एका मिक्सरच्या मोबदल्यात हजारो लोकांचे नाव, गाव, वय, फोन आणि ईमेल मिळत असेल, तर मिक्सर फुकट वाटला असे कोण म्हणेल? फुकट ते पौष्टिक हे खरे, पण पोषण कुणाचे होते ते बघावे.

साहित्य : एक वेगळा ईमेल. देवळात जाताना जुनी चप्पल घालून जावी, तसा स्पर्धेला जुना ईमेल न्यावा. गेला तर गेला. बँक, आधार आणि पासपोर्ट ज्या पत्त्याला जोडले आहेत, तो फॉर्मच्या आसपासही नेऊ नये.

दुसरे खाते उघडण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी जीमेलमध्ये एक सोय आहे. तुमचा पत्ता 'बंडोपंत' असेल तर @ च्या आधी अधिकचे चिन्ह घालून 'बंडोपंत+मिक्सर' असे लिहावे. पत्र तुमच्याकडेच येते. पुढे कर्जतच्या एनए प्लॉटची जाहिरात त्याच 'मिक्सर' पत्त्यावर आली, की घरभेदी कोण ते कळते. उणिवा दोन. कित्येक फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत, आणि माहितीचे हुशार दलाल अधिकपासून पुढचा मजकूर छाटून मूळ पत्ता काढतात. नावात टिंबे घालून काही लपत नाही. जीमेल टिंबांकडे लक्षच देत नाही. त्यापेक्षा ॲपलचे 'हाइड माय ईमेल' किंवा फायरफॉक्सचे 'रिले' बरे. खोटा पत्ता तयार होतो, पत्र खऱ्यावर येते, उपद्रव वाढला की तेवढा खोटा पत्ता बंद करून टाकायचा. दहा मिनिटांत विरघळणारे पत्तेही मिळतात. ते स्पर्धेला कुचकामी; निकाल महिन्याने लागतो.

आता मामांची पद्धत. शास्त्रात ती कुठेही दिलेली नाही, पण परिणामकारकतेत तिला तोड नाही. मामांचा इनबॉक्स आरशासारखा लख्ख आहे. लग्नकार्यात ते फोन काढून चारचौघांना दाखवतात, "बघा, एक फालतू मेल नाही!" नसणारच. गेली कित्येक वर्षं प्रत्येक फॉर्मवर त्यांनी ईमेल माझा दिला आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार! विचारलं तर म्हणतात, "अरे, तू कंप्युटरवाला ना? तुला काय फरक पडतो?" फरक असा पडतो, की कानाचं यंत्र, केसांचं तेल, गुडघ्याचा पट्टा आणि 'फक्त जोडप्यांसाठी बाली' हे सगळं मामांच्या पूर्ण नावानं रोज सकाळी माझ्याकडे येतं.

एक गोष्ट मात्र ते शास्त्रशुद्ध करतात. खरी जन्मतारीख कुणालाच देत नाहीत. दर फॉर्मवर नवी. (खरी तारीख बँकेच्या कामाची असते, मिक्सरवाल्याला कशाला हवी?) त्यामुळे त्यांचा वाढदिवस बारमाही असतो. गेल्या मार्गशीर्षात एका साडीच्या दुकानानं त्यांना तिशीत पदार्पणाबद्दल कूपन पाठवलं.

स्पर्धांची ही खोड जुनी आहे. दूरदर्शनवर 'सुरभि' चालू होतं तेव्हा त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायला मामा दर आठवड्याला पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचे. 'सुरभि'ला इतकी पत्रं जायची, की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, महागडं कार्ड काढावं लागलं. त्या इतिहासात आमच्या घराचा वाटा आहे. मामांचं अक्षर इतकं सुबक, की मामी म्हणायच्या, उत्तर चुकलं तरी अक्षरावर बक्षीस द्यायला हवं. साबणाच्या एका घोषवाक्यासाठी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते अजून चालतं, पाच मिनिटं पुढे. तेव्हा कार्डावर पत्ता घरचाच, खरा, पिनकोडसकट असायचा. त्यापायी दारात आलाच तर पोस्टमन यायचा.

फॉर्मच्या तळाशी 'आमच्या सहयोगी कंपन्यांकडूनही माहिती मिळावी' असा चौकोन असतो आणि त्यात खूण आधीच केलेली असते. ती काढावी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती तुमच्या स्पष्ट कृतीतून यायला हवी. दुसऱ्यानं करून ठेवलेली खूण ही तुमची कृती नव्हे. माझा ईमेल मामांनी दिला तर संमती कुणाची, हे वकिलाला विचारायचं आहे.

नकोशी पत्रे बंद करण्यासाठी : ओळखीची कंपनी असेल तर 'अनसबस्क्राइब' दाबावे. 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक जाहिरातदारांना एका टिचकीत सुटका देणे बंधनकारक केले आहे. पाठवणारा अनोळखी असेल तर आतले काहीही दाबू नये, थेट स्पॅम म्हणून कळवावे. चित्रे आपोआप उघडणे बंद ठेवावे. एखादे ठिपक्याएवढे चित्र तुम्ही पत्र उघडल्याची चहाडी करते. नकोशा फोनसाठी 1909 हा क्रमांक.

ठकांविषयी मी पानभर लिहिणार होतो, पण मामांनी ते काम एका वाक्यात उरकलं. 'केबीसी'च्या नावानं पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मी ज्यात भाग घेतो त्यात मला कधी लागत नाही, मग ज्यात घेतलाच नाही त्यात कशी लागेल?" आणि फोन ठेवला. पुरवणी एवढीच, की दहा हजारांवरच्या बक्षिसावर 30 टक्के कर खरोखरच असतो, आणि वस्तू हाती देण्याआधी तो भरला गेल्याची खात्री आयोजकाला करावी लागते. ठक नेमकं हेच अर्धसत्य वापरतात. अनोळखी माणसाच्या यूपीआयवर कर भरला जात नाही. भरलाच असेल तर ताबडतोब 1930 वर फोन करावा.

शेवटी निकाल. खऱ्या विजयाचे पत्रही स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून आठवड्यातून एकदा तो उकिरडा उपसावा. आमच्याकडे हे काम मी करतो. दर रविवारी मामांचा फोन येतो, "आलं का रे काही?" आणि मी 'बाली'च्या ढिगाऱ्यातून मिक्सर शोधतो.

बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी मामांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. आजवर न कळलेल्या सगळ्या निकालांची त्यांनी सुबक अक्षरात यादी केली आणि काल रात्री ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म उघडला. ओटीपी माझ्या ईमेलवर आला.