स्थळ आहे, पण सर्दी आहे

ब्रिटनमधल्या जवळजवळ प्रत्येक गावात एक कासववाल्या काकू असतात. बहुधा त्या इंग्रज असतात, एकट्या राहतात आणि त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नसतं. वायव्य लंडनच्या आमच्या उपनगरात मात्र ही गादी एका मराठी बाईंकडे आहे. मूळच्या दादरच्या. सगळी नोकरी इथल्या सरकारी रुग्णालयांत नर्स म्हणून केली. निवृत्त झाल्यावर बायका बागकाम करतात, भजनाला जातात. काकूंनी दुसऱ्यांची आजारी कासवं सांभाळायला आणि त्यांना नवी घरं शोधून द्यायला घेतलं. "पेशंट बदलले, तक्रार तीच," असं त्या म्हणतात. "नाक वाहतंय."

"कासवाला कसली सर्दी?" असं कुणी म्हणालं की काकू आधी त्याला खुर्चीवर बसवतात. कासवाची फुप्फुसं वर, पाठीच्या कवचाखाली असतात. पण आपल्याला छाती आणि पोटाच्या मधे जो पडदा असतो, तो त्याला नाही. त्यामुळे धड खोकता येत नाही, आणि आत साचलेलं आतच राहतं. मग नाकातून बुडबुडे येतात. पुढे ते मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागतं, आतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि घरची मंडळी कौतुकाने सांगतात, "आमचं कासव गातं!" काकू पोचतात तेव्हा गाणं भैरवीपर्यंत आलेलं असतं.

खरं तर या प्राण्याने या देशात यायचंच नव्हतं. मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथल्या उन्हातली ही कासवं पेट्या भरभरून इथे आणली जात आणि बाजारात स्वस्तात विकली जात. कवचाच्या कडेला भोक पाडून दोरीने बांधून ठेवायचीही पद्धत होती. पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात जात. १९८४ साली भूमध्य समुद्राकाठच्या कासवांची ही आयात बंद झाली, पण त्याआधी आलेल्यांपैकी जी चिवट निघाली ती अजून इथल्या बागांमधून फिरताहेत, कवचाला भोक आणि नाकाला पाणी. "आपण निदान कोट विकत घेतला," काकू म्हणतात.

काकूंना फोन येतो तो साधारण असा. आजी वारल्या. घर विकायला काढलंय. टीव्ही मुलगा नेतोय, कपाटं मुलगी नेतेय. कासव कुणालाच नकोय. कासव मालकापेक्षा जास्त जगतं हे कासव घेताना कुणी लक्षात घेत नाही, त्यामुळे इस्टेटीच्या वाटणीत शेवटी ते उरतं. संध्याकाळी एक जावई पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात उभा. "नाव टायसन. चाळीस वर्षांचा आहे. अगदी ठणठणीत."

काकू खोकं उघडतात, टायसनला उचलतात आणि सर्वात आधी शेपूट बघतात. आखूड. म्हणजे टायसन बाई आहे. यात त्यांना नवल वाटत नाही, कारण कासवीला पुरुषाचं नाव देणं ही या राष्ट्राची जुनी खोड आहे. क्रिमियन युद्धात आरमाराच्या जहाजावर असलेला आणि २००४ साली डेव्हनमधल्या पाउडरहॅम कॅसलमध्ये वारलेला टिमथी ही मादी होती. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ साली आलेल्या फ्रेडचं पुढे फ्रेडा करावं लागलं. टायसनची नोंद काकूंच्या वहीत 'कु. टायसन' अशी होते.

मग मेथीची जुडी आणि पुरणाची डाळ ज्या काट्यावर तोलली जाते त्याच काट्यावर कु. टायसनचं वजन. मग पट्टीने लांबी. ऑलिफंट जॅक्सन नावाच्या पशुवैद्याने लांबीच्या मानाने वजन किती असावं याचा एक आलेख करून ठेवला आहे. तो काकूंनी फ्रीजवर, साईबाबांच्या शेजारी लावला आहे. हा आलेख ग्रीका आणि हर्मन या दोनच जातींना लागू. मध्य आशियातल्या हॉर्सफिल्डला कुणी तो लावला तर काकू त्या माणसाशी पुढे फक्त हवापाण्यावर बोलतात. शेवटी नाकाशी आरसा धरायचा, बुडबुडा येतो का बघायचं. आला.

"ठणठणीत म्हणालात ना?" काकू जावयाला विचारतात. जावई गाडी सुरू करून आलेला असतो.

इथून पुढे काकूंचं खरं काम सुरू होतं, आणि ते नर्सचं नसून वधूवर सूचक मंडळाचं आहे. कारण हा आजार बरा झाला तरी जात नाही. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू असो की नागिणीच्या कुळातला तो हर्पिसचा विषाणू, कासव सुधारतं, खातं-पितं, पण जंतू आत मुक्काम ठोकून राहतात आणि थंडी, उपासमार, प्रवास असं काही निमित्त झालं की पुन्हा नाक वाहू लागतं. म्हणून अशा कासवाला निरोगी कासवांच्या घरात देता येत नाही. त्याच्या पत्रिकेत मंगळ आहे. त्याला एकटंच नांदवायचं, नाहीतर मंगळ असलेलंच दुसरं शोधायचं. आणि तिथेही काकू सावध. "प्रत्येक मंगळ सारखा नसतो. एकाला मायकोप्लाझ्मा, दुसऱ्याला हर्पिस, दिलं लावून, आणि दोघांना दोन्ही झालं, की मग कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" म्हणून आधी स्वॅब, मग प्रयोगशाळेचा अहवाल, मग पुढची बोलणी. शिवाय घराणं बघायचंच. ग्रीका कासव कधी कधी हा हर्पिस अंगावर वागवत मजेत हिंडतं आणि त्याच्या शेजारी ठेवलेलं हर्मन पटकन दगावतं.

लपवाछपवी काकूंना खपत नाही. त्यांच्या जाहिरातीत सगळं स्वच्छ असतं: 'शाकाहारी, निर्व्यसनी, स्वतःचं घर, वय ४० ते ६० (नक्की सांगता येत नाही). श्वसनाचा जुना आजार. एकत्र कुटुंब नको.'

येणाऱ्यांची मुलाखत जेवणाच्या टेबलावर होते. बाग कुठल्या दिशेला? दक्षिणेला असेल तरच पुढचा प्रश्न. वास्तुशास्त्रवाले दक्षिणमुखी घराला नाकं मुरडतात. काकूंना दुसरी दिशा चालत नाही, कारण या देशात ऊन म्हणून जे काही मिळतं ते तिकडूनच. घरात कुत्रा? कुत्री कवच हाडासारखं चावतात. अतिनील किरणांचा दिवा कधी बदलता? काय खायला घालणार? या प्रश्नाला 'टोमॅटो आणि केळं' असं उत्तर देणाऱ्याला चहा मिळतो, कासव मिळत नाही. डँडेलियनची पानं म्हणणारा पुढच्या फेरीत जातो. पैशाचा विषय काकू काढू देत नाहीत. ही कासवं विकायची तर आर्टिकल टेनचं प्रमाणपत्र लागतं. फुकट द्यायला लागत नाही. "हुंडा आला की सरकार आलं," असा त्यांनी त्या कायद्याचा अर्थ लावला आहे, आणि तो बराचसा बरोबर आहे.

त्यांना सर्वात अवघड जातात ती आपली माणसं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला काकू हळूच चार पत्रकं ठेवून येतात, आणि पुढच्या रविवारी एखादं हौशी जोडपं दारात. मुलगा आयटीत. बोटात कासवाची अंगठी.

"काकू, आम्हाला उत्तरेला ठेवायचंय. पाण्यात."

"कशात?"

"पितळेच्या परातीत. सध्या धातूचं आहे. म्हटलं खरंच मिळत असेल तर..."

काकू डोळे मिटतात. मग शांतपणे सांगतात की हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, आणि सर्दी झालेल्याला रात्रंदिवस परातीत ठेवलं तर लक्ष्मी यायच्या आधी न्यूमोनिया येईल. कोमट पाण्यात आंघोळ, हनुवटीपर्यंत, थोडा वेळ, आणि लगेच कोरडं पुसायचं. पत्नी विचारते, "नाकाला थोडं व्हिक्स?" तिच्या आईने फोनवर ओव्याची पुरचुंडी सुचवलेली असते, आत्याने हळद. काकू उठून इंजेक्शनचा ट्रे आणतात. बेट्रिल, हे प्रतिजैविक. पुढच्या पायात द्यायचं, मागच्या नाही, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकतं. ट्रे बघून अंगठीवाला पांढरा पडतो. पितळेचंच बरं, असं दोघांचं एकमत होतं. त्यांना काकू डबाभर चिवडा देऊन निरोप देतात.

एकदा कुणीतरी त्यांना गिल्बर्ट व्हाइटची गोष्ट सांगितली. सेलबर्नचा हा पाद्री निसर्गनिरीक्षक म्हणून इंग्रजांना पूज्य आहे. १७८० साली त्याची आत्या वारली आणि तिचं कासव (नाव टिमथी, होय, तीही मादी) याच्याकडे आलं. त्याने मार्च महिन्यात त्याला झोपेतून उकरून काढलं, मातीसकट खोक्यात घातलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल आणलं. टिमथी पुढे १७९४ पर्यंत जगली. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. सांगणाऱ्याला वाटलं काकू भारावतील. काकू म्हणाल्या, "मार्चमध्ये? घोडागाडीतून? आणि त्याची बाग कुणी बघून आलं होतं का?" आत्यांच्या पश्चात कासव नेणाऱ्या भाच्यांविषयी त्यांचं मत त्या दिवसापासून कायमचं झालं.

न खपलेली स्थळं काकूंकडेच राहतात. त्यामुळे घराची फाळणी झाली आहे. मागची शेड हर्पिसची, ग्लासहाउस मायकोप्लाझ्माचं, अहवाल न आलेले काकांच्या अभ्यासिकेत. प्रत्येक खोलीच्या चपला वेगळ्या, बादल्या वेगळ्या. काका सकाळी पेपर घेऊन हर्पिसच्या चपलांनी मायकोप्लाझ्मात शिरले तर त्यांना दारातच थांबवून हात धुवायला पाठवलं जातं. हिवाळ्यात निरोगी पाहुणे गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये पाच अंशांवर झोपतात, आणि बर्फ काढायला गेलेला एखादा नवा जावई पहिल्या दिवाळीला हबकतो. आजाऱ्यांना मात्र झोपवायचं नाही, नाहीतर तशीच कायमची झोपतील. ते रात्रंदिवस उबेत. काकांचा हिशेब सरळ आहे: "सर्दीवाल्यांना तीस अंश, धडधाकटांना पाच, आणि मला अठरा. विजेच्या बिलावर नाव मात्र माझं."

"मग सोडून द्या की कुठे तरी," असं म्हणणाऱ्यांसाठी काकूंकडे मोहावेचं वाळवंट तयार असतं. अमेरिकेतल्या तिथल्या रानटी कासवांमध्ये हाच श्वसनाचा रोग आढळला, १९९० साली ती जात संकटात असल्याचं सरकारने जाहीर केलं, आणि लोकांनी सोडून दिलेल्या पाळीव कासवांनी रोग पसरवायला हातभार लावला असावा असा तज्ज्ञांना संशय आहे. हे त्या वारा-पाऊस सांगावा तसं सांगतात, पण नजर समोरच्यावर रोखून.

काकू आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. कु. टायसन अजून पन्नाशीत असावी. हे गणित काकूंना कळतं, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पश्चात सगळ्यांची सोय करायला घेतली आणि रेडिंगच्या मुलाला रीतसर मुलाखतीला बोलावलं.

"आई, मी तुझा मुलगा आहे."

"म्हणून फॉर्म एकपानी ठेवलाय. बाग कुठल्या दिशेला?"

"उत्तर. पण मोठी आहे."

"कुत्रा?"

मुलगा गप्प. लॅब्रॅडॉर गाडीत भुंकत होता. नापास. तेवढ्यात सुनेने विचारलं, "आई, ग्लासहाउसमधल्या त्या दोन कासवींचे स्वॅब वेगवेगळे घेतलेत ना? अहवाल बघू?" काकूंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतकं नीट बहुतेक पहिल्यांदाच.

सुनेला दुसऱ्या फेरीला बोलावलं आहे. दक्षिणेची बाग असलेलं घर बघायला तिने सुरुवातही केली आहे. त्या घरात कुत्र्याला आणि मुलाला जागा द्यायची की नाही, हे सासू-सून मिळून ठरवणार आहेत.